काडतुसाची काटकसर

या सदरातून आम्ही आजवर तुपाच्या बरणीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत नाना गोष्टींचे हिशेब मांडले. बंदुकीच्या काडतुसाचा हिशेब मांडण्याची वेळ येईल असे मात्र आम्हांस वाटले नव्हते. परंतु ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार, बडोदे, हैदराबाद अशा जुन्या संस्थानी गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांत अजूनही एखाद्या कपाटात आजोबांची रायफल तेल पुसून ठेवलेली असते आणि तिच्याशेजारी पुठ्ठ्याच्या खोक्यात काही काडतुसे पडून असतात. त्या घरांतील तरुण मंडळी आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात : जुन्या काळी शिकारीला सर्वांत स्वस्त पडणारे काडतूस कोणते? आणि त्याच्या पाठोपाठ, किंचित दबक्या आवाजात, दुसरा : आता या काडतुसांचे करायचे काय? दोन्ही प्रश्न हिशेबाचेच आहेत. म्हणून या महिन्याची जागा त्यांना दिली आहे.

प्रारंभीच हे सांगितले पाहिजे की आपल्या देशात हौसेची शिकार आता उरलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिच्यावर कडक बंधने घातली. तरी काही जनावरांच्या बाबतीत परवाना काढून शिकार करण्याची एक वाट त्यात शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. तेव्हा पुढील विवेचन बव्हंशी गतकाळाचे आहे. जे थोडे आजचे आहे ते शेवटी येईल.

आता ‘बोअर’ या शब्दाचा उलगडा करू, कारण त्यावाचून पुढचे कळावयाचे नाही. छऱ्यांच्या बंदुकीला बारा बोअर म्हणतात, ते अशा अर्थाने की एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी जिच्या पोकळीत नेमकी बसेल ती नळी. म्हणूनच सोळा बोअरची नळी बारापेक्षा बारीक असते, आणि ऐकणारा नवखा असला की तो हमखास उलटे समजतो. रायफलीचे गणित अगदी वेगळे. तेथे ३१५ बोअर म्हणजे नळीचा व्यास इंचाचे ३१५ सहस्रांश, म्हणजेच आठ मिलिमीटर. ३०-०६ या नावात पहिला आकडा इंचाच्या शतांशांचा आणि दुसरा १९०६ या सालाचा. त्या वर्षी अमेरिकी सैन्याने ते काडतूस स्वीकारले. गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगण्याचा प्रघात आहे आणि हा शब्द ऐकून आमच्या भगिनीवर्गाने बिचकण्याचे कारण नाही. ज्या तोळ्याने त्यांच्या आजीने पाटल्या घडविल्या, तो इंग्रजी अमदानीतला सरकारी तोळा बरोबर १८० ग्रेनांचा होता. ३०-०६ ची नेहमीची गोळीही १८० ग्रेनांचीच, म्हणजे पुरती एक तोळा. ३१५ ची गोळी २४४ ग्रेनांची, सव्वा तोळ्याहून थोडी अधिक. वाघ-रेड्यांसाठी नावाजलेल्या ३७५ बोअरची ३०० ग्रेनांची गोळी पावणेदोन तोळ्यांच्या आत-बाहेर. आणि मुलांनी नेमबाजी शिकावी त्या २२ बोअरची गोळी ४० ग्रेनांची, पाव तोळाही नाही.

आपल्याकडच्या घरांत जी रायफल सापडते ती बहुधा ३१५ बोअरची असते. याचे कारण शिकारशास्त्रात नाही, कायद्यात आहे. १८८८ साली ब्रिटिश सैन्याने ३०३ बोअरचे काडतूस स्वीकारले. आपल्या प्रजेच्या हाती सैन्याच्याच बोअरची रायफल असली, तर छावणीतून चोरलेली काडतुसे तिच्यात चालतील, ही धास्ती हिंदुस्थान सरकारला सदैव होती. त्यामुळे ३०३ ची रायफल सामान्य नागरिकाला मना झाली. याच धास्तीपायी १९०७ च्या सुमारास ४५० बोअरच्या रायफलींच्या आयातीवरही बंदी आली आणि विलायतेतील बंदूकवाल्यांनी किंचित वेगळ्या मापांची नवी काडतुसे काढून ती बंदी चुकविली. ३०३ च्या बाबतीत तोड निघाली ती ऑस्ट्रियाकडून. त्याच १८८८ साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याने आठ मिलिमीटरचे एक काठाचे काडतूस स्वीकारले होते. बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीने आपल्या ली बनावटीच्या रायफलीला त्या मापाची नळी बसविली, नाव इंग्रजी मापाने ३१५ ठेवले आणि ती हिंदुस्थानच्या बाजारात आणली. म्हणजे रायफलीचे अंग फौजी, काडतूस मात्र या देशातील कोणत्याही छावणीत न सापडणारे. सरकारचे समाधान झाले, जहागीरदाराचेही झाले.

स्वातंत्र्यानंतर हीच रायफल कोलकात्याजवळील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार होऊ लागली आणि तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात. खडकीचा कारखाना १८६९ चा. काडतुसाच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे दिसतात ती ‘किर्की फॅक्टरी’ची. काटकसरीच्या दृष्टीने हा मुद्दा मोठा आहे. परदेशी काडतूस आले की जकात आली, आयातीचा परवाना आला, व्यापाऱ्याची मिनतवारी आली. आणि युद्धाच्या काळात ते काडतूस येईनासे झाले की शेकडो रुपयांची रायफल म्हणजे भिंतीवर टांगण्याची काठी. अनेक संस्थानिकांच्या शस्त्रागारांत उत्तमोत्तम विलायती दुनळी रायफली अशाच निरुपयोगी झाल्या. जे काडतूस आपल्याच देशात होते आणि जिल्ह्याच्या दुकानात मिळते, ते अर्धे स्वस्त तिथेच झाले.

उरलेल्या अर्ध्या स्वस्ताईचा हिशेब मात्र दुकानात होत नाही, रानात होतो. वाचकांनी आमच्याबरोबर एक आकडेमोड करावी. यातील दर आम्ही केवळ सोयीसाठी कल्पिले आहेत. समजा, छऱ्यांचे बारा बोअरचे काडतूस आठ आण्यांना आणि ३१५ चे सव्वा रुपयाला मिळते. उघडच बारा बोअर स्वस्त. परंतु मोठ्या छऱ्यांचा मारा पस्तीस-चाळीस यार्डांपलीकडे विखुरतो. अखंड गोळी घातली तरी साठ यार्डांपुढे तिचा भरवसा नाही. माळव्यातल्या उघड्या माळावर हरिण काही चाळीस यार्डांवर येऊन उभे राहत नाही. ऐंशी यार्डांवरून बार टाकायचा, एखादा छर्रा लागायचा, जनावर लंगडत निघून जायचे. पुन्हा बार, पुन्हा पाठलाग. चार काडतुसांचे दोन रुपये झाले, जनावर गेले, आणि ते कोठेतरी झुडपात दोन दिवसांनी मेले. ३१५ चा एकच बार शंभर यार्डांवर खांद्यामागे नेमका बसला तर सव्वा रुपयात काम झाले. यास्तव काडतुसाची किंमत डझनावर मोजू नये. एका स्वच्छ मृत्यूस किती काडतुसे लागली, त्यांवर मोजावी. घरी कमी दरातला तांदूळ आणून त्यातला चौथा हिस्सा निवडून फेकणाऱ्या गृहिणीला हे वेगळे सांगावे लागत नाही.

आणि हेही ध्यानात घ्यावे की शिकारीच्या एकूण खर्चात काडतूस हा बाब म्हणून फार क्षुद्र होता. जंगलाचा गट पंधरवड्यासाठी राखून घ्यायचा, त्याची फी भरायची, हाकाऱ्यांची मजुरी, माचाण बांधणाऱ्यांची बिदागी, बैलगाड्या, पुढे जीपचे पेट्रोल, बामिषाला बांधायचा रेडकू, आणि सोबत आलेल्या पाहुण्यांचा चहा-चिवडा. एवढे सारे करून ऐन क्षणी शिळे, दमट, ‘अजून चालेल’ म्हणून राखलेले काडतूस नळीत घालणारे महाभाग होते. घोडा पडला आणि बार झालाच नाही, तर पंधरवड्याचा खर्च पाण्यात.

याच्या उलट टोकाचीही एक उधळपट्टी असे, ती म्हणजे गरजेपेक्षा मोठे काडतूस. ३७५ चा किंवा त्याहून मोठ्या दुनळीचा धक्का सोसण्याची ताकद नसलेला मनुष्य चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटतो, खांदा आखडतो आणि गोळी भलतीकडे जाते. त्याने पाच-सात बार सरावासाठी टाकले की त्याचा खांदा आणि खिसा दोन्ही थकतात. मग तो सराव करीतच नाही. ३१५ ची गोळी सेकंदाला सुमारे दोन हजार फूट, म्हणजे सहाशे मीटर वेगाने निघते. ३०-०६ ची सत्तावीसशे फुटांच्या आसपास. अर्थात ३१५ ची गोळी लवकर खाली येते आणि दीडशे यार्डांपुढे नेम वर धरावा लागतो; डोंगराळ मुलखात, जेथे दरीच्या पलीकडच्या कड्यावर बार टाकावयाचा असतो, तेथे ३०-०६ किंवा २७५ हीच खरी. पण सातपुड्यातल्या किंवा शिवपुरीच्या झाडीत शंभर यार्डांपुढे दिसतेच काय? जे दिसत नाही त्यावर मारण्याच्या सामर्थ्यासाठी अधिक पैसे मोजण्यात अर्थ नव्हता. म्हणून चितळ, सांबर, डुक्कर यांसाठी मैदानी आणि झाडीच्या मुलखात ३१५ हेच सर्वांत किफायतीचे काडतूस होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाघासाठी ते अपुरे. हातून घडले असेल कित्येकांच्या. त्यावरून नियम करू नये.

गोळीच्या टोकाचाही विचार हवा. सैन्याची गोळी पूर्ण कवचाची असते. ती जनावराच्या आरपार जाते, लहानसे छिद्र पाडते आणि जनावर मैलभर पळते. शिकारीची गोळी मऊ टोकाची. ती आत शिरल्यावर पसरते आणि आपले सर्व बळ तिथेच टाकते. कुठून तरी स्वस्तात मिळालेल्या कवचाच्या गोळ्या शिकारीस वापरणारा पैसे वाचवीत नव्हता, जनावराचे हाल विकत घेत होता.

या हालांची किंमत कधी कोणाला भरावी लागते, याचे एक उदाहरण जिम कॉर्बेटने लिहून ठेवले आहे. चंपावतची वाघीण त्याने १९०७ साली मारली. त्याच्या लिखाणानुसार तोवर तिने नेपाळात आणि कुमाऊंत मिळून ४३६ माणसांचा बळी घेतला होता. मेलेल्या वाघिणीचे तोंड पाहिले तेव्हा उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे दोन्ही सुळे तुटलेले होते. वरचा अर्धा, खालचा थेट हाडापर्यंत. ती जुन्या गोळीची जखम होती, आणि तीमुळेच तिला आपले नैसर्गिक भक्ष्य मारता येईना, असा कॉर्बेटचा निष्कर्ष आहे. ती गोळी झाडणाऱ्याला एका काडतुसाचीच किंमत पडली. उरलेली किंमत दोन मुलखांतल्या खेड्यांनी भरली.

या कामगिरीबद्दल प्रांताचे नायब गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेटला २७५ बोअरची एक रायफल भेट दिली. तिची गोळी १४० ग्रेनांची, पाऊण तोळ्याहून किंचित जास्त. आपल्या ३१५ च्या जवळजवळ निम्मी. या हलक्या बोअरच्या रायफलीने कॉर्बेटने पुढे रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ मध्ये आणि चौगडची वाघीण १९३० मध्ये मारली. यावरून ‘हलके काडतूस पुरते’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू की तो हात आपल्यापाशी आहे काय? कॉर्बेटचे बालपण रानात गेले होते आणि त्याला एकेक काडतूस मोजून वापरण्याची सवय लहानपणापासून होती. काटकसर म्हणून आम्ही जिची वाखाणणी करतो ती ही : कमी बार टाकणे, कमी दराचे बार टाकणे नव्हे.

सरावाचे मात्र वेगळे. सरावात काडतूस खर्चावेच लागते आणि तेथे २२ बोअरसारखे दुसरे स्वस्त साधन नाही. श्वास रोखणे, माशी आणि खाच एका रेषेत आणणे, चाप झटक्याने न ओढता दाबीत नेणे, हे सारे पाव तोळ्याहून हलक्या गोळीवर तितकेच शिकता येते. आजही नेमबाजीच्या क्लबांतून मुलामुलींचा आरंभ याच बोअरने किंवा हवेच्या रायफलीने होतो. आपल्या घरांतील कन्याही त्यात पुढे येत आहेत, याचे आम्हांस कौतुक वाटते.

काटकसरीचा आणखी एक जुना मार्ग म्हणजे रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरणे. बारा बोअरच्या पितळी पुंगळ्या घरी बसून भरण्याचा उद्योग पूर्वी सर्रास चाले : नवी टोपी बसवायची, दारू मापायची, नमद्याची चकती दाबायची, छर्रे ओतायचे, वर पुठ्ठा. काळी दारू होती तोवर हे निभावले. बिनधुराची दारू आली आणि कित्येकांनी ती जुन्याच मापाने भरली. ती त्याच मापात कितीतरी अधिक जोर करते. जुन्या दमास्कस नळ्या फुटल्या, बोटे गेली. अमेरिकेत आजही शिकारी लोक घरच्या यंत्रावर रायफलीची काडतुसे भरतात, कारण पितळी पुंगळी हा काडतुसाचा महाग भाग आणि ती अनेकदा वापरता येते. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मुलांकडून हे ऐकून येथे कोणी तसा प्रयत्न करू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा अपराध आहे.

नळीची झीजही खर्चात धरावयास हवी. जुन्या काडतुसांच्या टोपीतील क्षार बारानंतर नळीत राहतात आणि पावसाळी हवेत एका रात्रीत गंज धरतो. नुसत्या तेलाने ते क्षार जात नाहीत. म्हणून जुने शिकारी मुक्कामावर येताच प्रथम नळीत उकळते पाणी ओतीत, मग ती कोरडी करून तेल लावीत, आणि त्यानंतर स्वतःच्या चहाकडे वळत. ज्यांनी हा क्रम उलटा केला त्यांच्या नळ्या आज आतून खडबडीत आढळतील.

आता आजचे. काही राज्यांत पिकांचा नाश करणाऱ्या जनावरांना मारण्याचा सरकारी आदेश निघतो. बिहारमध्ये नीलगाय व रानडुक्कर उपद्रवी ठरविल्यावर २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात हैदराबादचे नेमबाज बोलावले गेले. दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या आणि त्यावरून केंद्रातल्या मंत्र्यांतच जाहीर वाद माजला. केरळात २०२२ पासून ग्रामपंचायतीच्या प्रमुखांना रानडुकरासंबंधी असा आदेश देण्याचा अधिकार मिळाला आहे आणि परवानाधारक बंदूकवाल्यांकडून ते काम करून घेतले जाते. या कामांत हौस नाही, बक्षीस नाही. एका शेतकऱ्याचे पीक आणि एका मुक्या जिवाचा अंत, एवढेच असते. तेथे वरचा हिशेब अधिकच लागू पडतो. वस्तीजवळ गोळी कोठवर जाईल, ती हुकली तर मागे कोणाचे घर आहे, हेही काडतूस निवडताना पाहावे लागते. आणि आदेश ज्याच्या नावे नाही त्याने रायफल खांद्यावर घेऊन शेतात उभे राहणे हा गुन्हाच, मग डुकरांनी त्याचा स्वतःचा ऊस का खाल्ला असेना.

राहिला कपाटातील खोक्याचा प्रश्न. परवानाधारक वडील किंवा आजोबा निवर्तल्यावर ती रायफल आपोआप मुलाची होत नाही. शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावी लागते. वारसाने आपल्या नावे परवान्याचा अर्ज निराळा करावयाचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस दोनपेक्षा अधिक अग्निशस्त्रे ठेवता येत नाहीत, म्हणून ज्या घरी तीन-चार आहेत तेथे आधी भावाभावांत बोलणे करावे. पुष्कळांना ठाऊक नसते ते हे की काडतुसांनाही हाच नियम आहे. रायफल जमा केली आणि दिवाणखान्यातल्या कप्प्यात सात काडतुसे राहिली, तर तीही बेकायदाच. ती आडात टाकू नयेत, अंगणात पुरू नयेत, रद्दीवाल्याला पितळ म्हणून देऊ नयेत, आणि पोरांच्या हाती शोभेची वस्तू म्हणून तर कदापि नाही. पन्नास वर्षांचे काडतूसही उडू शकते. घरातल्या एका जबाबदार माणसाने ती मोजून, बुडावरचे बोअर पाहून, कागदावर संख्या लिहून, मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला बरोबर घेऊन ठाण्यात न्यावीत. तेथे रायफलीची आणि काडतुसांची वेगवेगळी पोच मागावी, आणि ती हातात पडल्याशिवाय घरी परतू नये.